अण्णा पॉझिटिव्ह

हसायचं असेल तर हसा, पण आधी चहाचा घोट गिळून घ्या. ठसका लागला तर मी जबाबदार नाही!

तर आमच्या मुलुंडच्या घरातली गोष्ट. सुजाताची, म्हणजे माझ्या बायकोची, बोटं रोज सकाळी आखडायची. साधं डब्याचं झाकण उघडेना. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. ती निघाली तसे माझे वडील, अण्णा, चपला घालून तयार! "मी पण येतो गं. साखर बघून टाकू."

दुसऱ्या दिवशी ती रिपोर्ट घेऊन परस्पर डॉक्टरांकडे गेली. मी घरी लॅपटॉपसमोर. तिचा फोन आला. मागे रिक्षांचे हॉर्न.

"ऐक ना, अण्णा पॉझिटिव्ह..."

पुढचं ऐकायला मी थांबलो कुठे? फोन ठेवलाच! आता तुम्हीच सांगा, 'पॉझिटिव्ह' म्हटल्यावर आपल्या डोक्यात दुसरं काय येतं? त्यात अण्णा सकाळीच खोकले होते. लसणाच्या चटणीने खोकले, पण एवढा विचार कोण करतो!

"अण्णा, आत चला! तुम्ही पॉझिटिव्ह आहात!"

"मी पहिल्यापासूनच आहे. रडतराव तू!"

त्यांना बेडरूममध्ये ढकलून बाहेरून कडी. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज. सेक्रेटरीने लिफ्ट धुवायला काढली. बोरिवलीची ताई फोनवर हुंदके द्यायला लागली. अण्णांच्या कॅरमच्या दोस्ताने तर त्यांनाच फोन लावून विचारलं, "अण्णा, काही खावंसं वाटतंय का?"

बेल वाजली. दारात सुजाता. मी मास्क लावून तिच्यावर सॅनिटायझर फवारला.

"वेडबिड लागलंय का तुला?"

"अण्णा पॉझिटिव्ह ना! तूच तर म्हणालीस!"

"अण्णा नाही रे, अ‍ॅना! ए, एन, ए! टेस्टचं नाव आहे ते. माझ्या टेस्टचं!"

ती रस्त्यात एकटी उभी राहून मला स्वतःचं सांगत होती, आणि मी फोन आपटला होता.

"म्हणजे काय असतं ते?"

"अँटिबॉडीज. शरीर बाहेरच्या जंतूंना मारायला बनवतं ना, तशाच. पण ह्या आपल्याच पेशींवर उलटतात. ऑटोइम्यून काहीतरी असेल, नसेलही. नुसत्या ह्या टेस्टवरून कळत नाही म्हणाले. अजून तपासण्या आहेत."

मी तिची सुजलेली बोटं हातात घेतली. भीती वाटत होती, पण डोक्यातला किडा गप्प बसेना. "पण असं कसं गं? आपलं कोण, परकं कोण, एवढंही कळू नये? घरच्याच माणसाला शत्रू समजून कोण हल्ला करतं?"

तेवढ्यात आतून दार धडाधड वाजलं. "अरे, मला सोडा रे कोणीतरी!"

सुजाताने आधी कडीकडे पाहिलं, मग माझ्या मास्ककडे, मग हातातल्या फवाऱ्याकडे. आणि दिवसभरात पहिल्यांदा ती खदखदून हसली.

"आलेच हो अण्णा! ऑटोइम्यून म्हणजे काय ते डॉक्टरांनी एवढं समजावलं, तरी माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. तुमच्या चिरंजीवांनी करून दाखवलं!"