रविवार मागणारे साळवे सर

तुमच्या हाताखाली राबणारा माणूस कितवीपर्यंत शिकलाय, हे तुम्ही त्याला कधी विचारलंय का?

आमच्या महाविद्यालयातले साळवे सर विचारायचे. गॅरेजात, टपरीवर, डाळ मिलच्या दारात. उत्तर मिळालं की थेट त्याच्या मालकाला गाठायचे. काम करून शिकणाऱ्यांसाठी महाविद्यालयात बी.ए.चे रविवारचे वर्ग होते आणि बाकं रिकामी असायची. मी तिथे तासिका तत्त्वावर शिकवायचो, शिक्षणाच्या हक्कावर जळजळीत पत्रकं लिहायचो. सर ती घडी घालून खिशात ठेवत. म्हणत, "लई भारी लिव्हलंय. पण वाचायला बी माणूस मोकळा पाहिजे ना, बाबा."

एकदा त्यांच्याबरोबर सिरसाळ्याच्या जिनिंग कारखान्यावर गेलो. कापसाचा हंगाम होता. मालक म्हणाले, "शिकून हे लोक माझ्याकडं राहतेल का, सर?"

"न शिकता तरी किती राहिले, मालक? निम्मे ऊसतोडीला गेले." मालक हसले. "मला तुमचा माणूस नको. त्याची रविवारची सकाळ द्या."

मालकांनी कबूल केलं. बारावीनंतर लग्न झालेली सुनीता जोगदंड तिथेच सरकी झाडत होती. तिने हातातला झाडू भिंतीला टेकवला आणि त्याच आठवड्यात प्रवेश घेतला.

पण आपल्याकडे हक्काची गोष्ट दिली तरी देणाऱ्याचा सत्कार लागतो. मालकांचा सत्कार महाविद्यालयाच्या संस्थेने पहिल्याच रविवारी ठेवला. मांडव घातला जिनिंगच्याच मजुरांनी. शाल पांघरून मालक लांबलचक बोलले. चहाचे कप गोळा करत सुनीताने विचारलं, "सर, तास कवा हाय?"

"पुढच्या रविवारी, ताई."

पुढच्या रविवारी कुणीच आलं नाही. आम्ही जिनिंगवर गेलो. मालक खरोखर गोंधळले होते. "दिला की त्या दिवशी रविवार. शाल बी घेतली. आता कावून आलात?"

परतीच्या एसटीत सर डोळे मिटून बसले होते. "चूक आपलीच हाय. हक्काला शाल घातली, त्याचा उपकार झाला."

मी म्हणालो, पुढच्या पत्रकात मालकाचं नाव छापतो.

"छाप. सुनीताला कामावरून काढलं, की तिला काय छापून देशील?"

त्यानंतर सर दर रविवारी आधी जिनिंगच्या फाटकावर जात आणि मग वर्गावर. कधी मालक माणसं सोडत, कधी नाही. थकले, पण जात राहिले. सुनीता दुसऱ्या वर्षाला पोचली आणि उन्हाळा लागता लागता सर गेले.

शोकसभेला ती कामावरून उशिरा आली, केसांत कापसाचे तंतू तसेच. भाषणं संपल्यावर तिने एवढंच विचारलं, "परीक्षा आलीय. आता मालकाकडं कोण जाईल?"

दुसऱ्या दिवशी मी फाटकावर गेलो, आता दर रविवारी जातो.

पण फाटकं पुष्कळ आहेत. तुमच्या गावात मिल असेल, दुकान असेल, तर तिथल्या मालकाला भेटा. मालक तुम्हीच असाल तर उद्या आपल्या माणसाला विचारा, कितवी शिकलास. पुढे शिकायचं म्हणाला, तर त्याला रविवारची सकाळ द्या. दर रविवारची. आणि शाल मागू नका.