लाल रेघेचा खांब

कोसीला दोन बाजूंना दोन बांध, आणि मधे नदी नि आमचा टोला, म्हणजे वस्ती. बांधापलीकडचे लोक निवांत झोपतात. आमच्याकडं नदीनं कूस बदलली की घर उचलायचं. बांबूचे खांब उपटायचे, कूड गुंडाळायचा, छप्पर चौघांनी खांद्यावर घ्यायचं आणि नव्या काठाला रोवायचं. खांब मात्र कुणी मागं ठेवत नाही. घरातलं माणूस टाकून आल्यासारखं वाटतं ते.

तर आमच्यातला बिलट सहनी, नाव चालवायचा. त्याची पोर सुनैना. एवढीशी होती तेव्हापासनं नावेच्या टोकाला बसून पाण्यात काठी घालायची, किती बुडाली ते बापाला ओरडून सांगायची. मग शिकायला गेली पाटण्याला, ती शिकतच राहिली. नदीला किती पाणी येणार, कधी येणार, हे आधीच सांगणारी इंजिनेर व्हायचं होतं तिला.

बायका तिच्या आईला, फुलेसरीला, टोचायच्या. "पाण्याचं काय शिकायचं गं? आमची म्हैस न शिकता दिवसभर त्यातच बसती!"

फुलेसरी काय ऐकून घेणारी? "मग म्हशीलाच विचार की, पूर कधी यायचाय ते."

झाली बरं पोर इंजिनेर. नोकरी लागल्यावर आली ती लोखंडी खांब घेऊनच. दिवसभर दुर्बिणीतनं बघत बसली, आईनं वाढलेला माछ-भात गार झाला. मग काठावर खांब रोवला. त्यावर आकडे, आणि मधे एक लाल रेघ.

"या रेघेला पाणी लागलं," ती सगळ्यांना म्हणाली, "की भांडी बघायची नाहीत, गुरं बघायची नाहीत. नावेत बसायचं नि बांध गाठायचा."

पावसाळ्यात रोज फोनवर पाणी कळवायचं काम बापाला दिलं. बिलटची छाती अशी फुगली! रोज ओल्या फडक्यानं खांब पुसायचा. फुलेसरी त्याला शेंदूर लावायची. जावयाचे करत नाहीत एवढे लाड खांबाचे.

पण खांबाची जागा हलली की आकडा खोटा, हे सुनैनानं कुणाला सांगितलं नाही. एवढं तर बाबूला, म्हणजे बापाला, कळतंच, असं तिला वाटलं. पुराची हकीकत लिहून घ्यायला बसलास ना पोरा? हे नीट लिही.

त्या हिवाळ्यात नदीनं काठ खायला घेतला. टोला हलला. बिलटनं आपले खांब उपटले, आणि लेकीचाही उपटला. वाहून जाऊ नये म्हणून नव्या काठाजवळ उंच वाळूवर रोवला, ओळंबा लावून, अगदी सरळ. कौतुकानं केलं सगळं. आणि घर हलवलं तर खांब आलाच, त्यात फोन करून काय सांगायचं?

श्रावणात वर नेपाळात पाऊस लागून राहिला. सुनैनाचा फोन आला. "बाबू, पाणी कुठवर आलंय?"

"रेघेच्या खाली दोन हात."

"नीट बघितलंत?"

"अगं, इथंच उभाय मी, खांबाला धरून."

माणसं काढायच्या सरकारी नावा तिच्याकडं थोड्या. तिनं त्या खालच्या टोल्याला पाठवल्या. आमच्याकडं बांधलेली गाठोडी बायकांनी सोडली. फुलेसरी म्हणाली, "माझ्या लेकीची रेघ कोरडी आहे, जेवा निवांत."

उजाडलं तेव्हा चुलीत पाणी होतं, आणि रेघ कोरडीच. कुणी छपरावर चढलं, कुणी झाडावर. शेजारच्या ननकूच्या दोन्ही मुली गेल्या. फुलेसरी शेळी सोडायला वाकली, ती वर आलीच नाही.

सुनैना नावेतनं आली. आईच्या आधी तिला खांब दिसला.

"बाबू, हा इथं कसा?"

"घरासोबत आणला गं. तुझा होता ना."

तिनं खांबाखालची उंच वाळू बघितली. मोठे साहेब चौकशीला आले, तर म्हणाली, "खांब तपासायला मी आले नाही. चूक माझी." बढती गेली, लोकांनी तोंडावर शिव्या घातल्या. ननकूची बायको तिच्या पायाशी थुंकली. सुनैनानं सगळं गिळलं, बापाला कळू नये म्हणून.

पाणी ओसरल्यावर ती नवा खांब रोवायला आली. आता पाणी बघायचं काम टोल्यातल्या पलटूच्या सुनेकडं होतं. तिला खरं सांगणं भाग होतं. बाप जवळच होता, म्हणून सुनैना आधी त्याला म्हणाली, "बाबू, जरा घरी जाऊन चुडा-दही खाऊन या की."

"भूक लागली की जाईन," म्हणाला, आणि तिथंच जाळं शिवत बसला.

मग ती सुनेला हळूच सांगायला लागली. "काहीही झालं तरी खांब हलवायचा नाही. उंचावर नेला तर पाणी चढलेलं असतं नि खांब कमीच दाखवतो. माणसं फसतात."

बिलटचे हात थांबले.

"सुनैना," तो म्हणाला, "मग आपला तो..."

"बाबू, गाठ सुटतीय बघा तुमची."

त्यानं जाळं खाली ठेवलं. लेकीकडं बघितलं नाही, उठून नदीकडं तोंड करून उभा राहिला.

पुढच्या साली टोला परत हलला. ज्यानं त्यानं आपले खांब उपटले. बिलटनं नाही उपटले. "राहू देत जिथं आहेत तिथं," एवढंच म्हणाला. पाणी येऊन एकेक घेऊन गेलं, आणि तो बांधावर बसून बघत होता.