शहराला एक चक्कर, वाटेत शेषरावचं घर

सायकल घेतली तेव्हा मुलगा निखिल फोनवर हसला होता. "बाबा, आता या वयात?" त्याला चूक ठरवायचं म्हणून घेतली खरी, पण सहा महिने ती सिडकोतल्या बाल्कनीत टॉवेल वाळत घालायच्याच कामी आली. मागच्या रविवारी पहाटे साडेपाचला एकदाची खाली काढली. त्याच संध्याकाळी निखिलला उत्तर द्यायचं होतं, इथला फ्लॅट विकून कायमचं पुण्याला त्याच्याकडे जायचं की नाही. सुनंदाला, माझ्या बायकोला, जाऊन वर्ष झालं. "तिथं आता आपलं कोण उरलंय?" असा त्याचा सवाल. खूप आठवून मला एकच नाव सुचलं.

शेषराव. वाळूजच्या एका कारखान्यात आम्ही सत्तावीस वर्षं एकाच लेथवर होतो, पण कायम पुढच्या-मागच्या पाळीत. पुढचा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय मशीन सोडायची नाही, हा तिथला नियम. त्यामुळे आमची भेट रोजची, पण दहाच मिनिटांची. कूलंट कमी आहे, टूल बदललंय, चला येतो. एकत्र चहा एकदाही नाही. रिटायर झालो की सायकलवर शहराला एक चक्कर मारू, असं मात्र वर्षानुवर्षं म्हणत आलो. मी सहा महिन्यांपूर्वी सुटलो, त्याचं अजून वर्ष बाकी आहे. आधी फोन करावा हे मलाही कळतं. पण "काय काम काढलं?" असं त्याने विचारलं असतं तर सांगणार काय? म्हणून न कळवताच त्याच्या घरी निघालो.

तुम्ही जाणार असाल तर रस्ता असा: सिडको, क्रांती चौक, रेल्वे स्टेशन, नगर रोडने वाळूज, मग बजाजनगर, साजापूर, शरणापूर फाटा, मिटमिटा, पडेगाव, छावणी, हिमायत बाग आणि परत. पंचेचाळीसेक किलोमीटर, सगळा पक्का रस्ता. नगर रोडवर ट्रक अगदी अंगावरून जातात, मागे लाल दिवा लावाच. कामगारांनी भरलेल्या बसही एकामागोमाग गेल्या. काचेला टेकलेली झोपाळू डोकी बघून मला कीव आली. बिचारे, रविवारीही ओव्हरटाइम!

बजाजनगरच्या चौकात गाड्यावर तर्री पोहे खाल्ले, झकास होते. पोहेवाल्यानेच शेषरावचं घर दाखवलं. दार त्याच्या बायकोने उघडलं. मी कुलकर्णी, एवढंच म्हटलं.

"अगं बाई! मशीनवरचे कुलकर्णी भाऊजी? या की आत. पण ते तर ड्यूटीला गेले. फर्स्ट शिफ्ट हाय त्यांची."

"आज? रविवारी?"

"आवं, आपली सुटी शुक्रवारी असती ना! तुमीच इसरले व्हय?"

विसरलो होतो. सत्तावीस वर्षं जो शुक्रवार पाळला, तो सहा महिन्यांत विसरलो. बसमधले ते लोक नेहमीच्याच पाळीला निघाले होते.

चहा झाला. मग वहिनींनी जिन्याखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली सायकल दाखवली. "तुमी रिटायर झाले त्याच हप्त्यात आणली. मी म्हनलं, चालवा की जरा. तर म्हनले, एकट्यानं नाय, कुलकर्णी बोलावतील. लई दिवस वाट बघितली. आता इषयच काढत नायत."

मी वाकून प्लास्टिकवरची धूळ पुसली.

"नवा गडी येळेवर येत नाय," त्या पुढे म्हणाल्या. "तास तास थांबावं लागतं यांना. म्हनतात, कुलकर्णी व्हते तवा घड्याळ बघायचं काम नव्हतं."

तीनपर्यंत थांबा, जेवून जा, असा त्यांनी फार आग्रह केला. पण त्याच्या घरात त्याच्याशिवाय सात-आठ तास बसायचं कोणत्या तोंडाने? निघताना त्यांनी कागदात दोन धपाटी बांधून दिली.

साजापूरचा रस्ता शांत आहे. थोडी शेतं, थोडे प्लॉटचे बोर्ड, अधूनमधून भुंकणारी कुत्री. पाणी जवळ ठेवा. पडेगावला रंगीत टी-शर्टवाल्या सायकलस्वारांचा घोळका मागून आला. "कीप इट अप, अंकल!" म्हणत पुढे गेला आणि दिसेनासा झाला. छावणीपर्यंत मग कुणाशी बोलणं नाही.

हिमायत बागेत आंब्याच्या सावलीला बसलो. वर पोपटांचा नुसता कलकलाट. एक धपाटं खाल्लं, दुसरं हातात धरून बसलो. त्या क्षणी मला फार एकटं वाटलं. सुनंदा गेली तेव्हाही एकटा पडलोच होतो, पण तो माझा दोष नव्हता. इथे पंधरा किलोमीटरवर एक माणूस सायकल आणून माझ्या बोलावण्याची वाट बघत होता, आणि मी बाल्कनीत टॉवेल वाळवत होतो.

साडेबाराला घरी पोहोचलो. मांड्या भरून आल्या होत्या, ढुंगणाचं तर विचारू नका, सीटवर जाड कव्हर घालून जा. तीन वाजता, त्याची पाळी सुटायच्या वेळेला, मेसेज टाकला. "शुक्रवारी सकाळी सहाला दारात येतो. सायकल पुसून ठेवा." उत्तर नाही. चार वाजले, तरी नाही. तो रागावला असेल, की नवा गडी आला नाही म्हणून अजून मशीनपाशी उभा असेल? फोन हातात घेऊन खोल्यांतून फेऱ्या मारल्या. दोनच खोल्या आहेत, पण मारल्या. पाचला उत्तर आलं.

"दहा मिनिटं आधी या."

संध्याकाळी निखिलचा फोन आला. मी सांगितलं, नाही येत, फ्लॅट राहू दे.

"पण बाबा, तिथं आहे कोण?"

"शेषराव आहे."

"कोण शेषराव?" त्याने विचारलं.

शेषरावच्या घरी मला दारातच ओळखलं होतं. माझ्या घरात त्याचं नाव मी सत्तावीस वर्षांत एकदाही घेतलं नव्हतं.