काखेतलं मॅगझिन

“गॅसलाही थंडी वाजते, डॉक्टर.” चाचा हे वाक्य दिवसातून एकदा तरी म्हणत, आणि म्हणताना त्यांचा उजवा हात आपसूक डाव्या काखेत जायचा. तिथे काय आहे ते चाचपून तो परत बाहेर यायचा. हे तुम्ही पहिल्यांदा पाहिलं असतं तर तुम्हालाही वाटलं असतं की या माणसाला काखेत काहीतरी झालंय. मलाही तसंच वाटलं होतं.

पहिली गोष्ट, मी डॉक्टर नव्हतो. सौदीत, कुवेतच्या सीमेजवळ अल खफजीला तेलाच्या कंपनीचा कॅम्प होता, तिथल्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. ते मी चाचांना चार वेळा सांगितलं. “गोळी तू देतोस, मग डॉक्टर तूच,” एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. ते स्वतः कॅम्पातले एसी मेकॅनिक. गाव श्रीवर्धनच्या बाजूचं, वय पन्नाशीच्या पुढे, दाढी आखूड, खिशात कायम एक पाना. सगळा कॅम्प त्यांना चाचा म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागलो.

आमची ओळख थर्मामीटरमुळे झाली. सद्दामने कुवेत घेतल्यानंतरचा तो पहिला हिवाळा. चाचा खोकत आले. मी त्यांना स्टुलावर बसवून डाव्या काखेत थर्मामीटर लावला. दोन मिनिटांनी बघतो तर पारा जागचा हललेला नाही. झटकून पुन्हा लावला, पुन्हा तेच. माझा स्वभाव तसा घाबरट नाही. पण इतकं थंड अंग मी फक्त मेलेल्या माणसाचं पाहिलं होतं, आणि हा तर समोर बसून खोकत होता.

“त्या काखेत लाव की,” चाचा शांतपणे म्हणाले. “ही काख बिझी हाय.”

मग त्यांनी बनियनमधून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढली. काळी, चपटी, वीतभर, चांगली जड. पिस्तुलाचं मॅगझिन. दहा-बारा किलोमीटरवर इराकी रणगाडे उभे, रस्त्यावर जागोजाग तपासणी, आणि हा गृहस्थ काखेत मॅगझिन घेऊन माझ्या दवाखान्यात बसलेला. मी उठून आधी दार लावलं.

“खेळण्यातलं हाय रे,” ते म्हणाले. “आताच भरलं, म्हणून गार पडलंय. ऊब द्यायला ठेवलं.”

खरंच खेळण्यातलं होतं. कॅम्पातल्या एका जपानी इंजिनिअरने आपल्या देशातून एक पिस्तूल आणलं होतं. दिसायला हुबेहूब खरं, पण उडायचे प्लॅस्टिकचे पांढरे छर्रे, वाटाण्याएवढे. बार दारूचा नव्हे, गॅसचा. मॅगझिनमध्ये एका बाजूला छर्रे आणि पोटात गॅस. शुक्रवारी साहेब वर्कशॉपच्या मागे ज्यूसचे रिकामे डबे मांडून नेम धरत बसायचे. एकटा माणूस, दारू नाही, सिनेमा नाही, करणार काय.

जपानहून आणलेला गॅसचा डबा संपला तेव्हा साहेब तोंड पाडून बसले. चाचांनी तो रिकामा डबा उलटासुलटा करून पाहिला आणि हसले. हा तर आपला फ्रिजचा गॅस. तोच, जो ते वीस वर्षं लोकांच्या एसीत भरत होते. त्यांनी पितळेचं एक तोंड घासून मॅगझिनला बसेल असं केलं, आपल्या सिलिंडरला जोडलं आणि साहेबांचा शुक्रवार परत सुरू झाला.

नोव्हेंबरपर्यंत सगळं ठीक होतं. मग खफजीची थंडी पडली. ज्यांना सौदी म्हणजे फक्त ऊन असं वाटतं त्यांनी तिथे जानेवारीतली एक सकाळ काढावी. समुद्रावरून वारा येतो आणि दोन स्वेटरांच्या आरपार जातो. त्या थंडीत साहेबांचं पिस्तूल बसलं. पहिला छर्रा जेमतेम डब्याला लागायचा, दुसरा वाटेतच पडायचा, तिसऱ्याला नुसतीच हवा. वर मॅगझिन बुडातून गळायला लागलं.

“विंटर, नो गुड,” साहेब म्हणाले. “लीव्ह इट.”

सोडून द्या म्हणणं साहेबांना सोपं होतं. चाचांना ते फार लागलं. आता बघा, उन्हाळ्यात हा माणूस म्हणजे राजा. एसी बंद पडला की मॅनेजरसुद्धा “चाचा प्लीज” म्हणत दारात. हिवाळ्यात त्यांना कुत्रं विचारत नसे. वर्कशॉपच्या कोपऱ्यात पाने पुसत बसायचं. त्यांच्या हातात होतं ते एवढंच एक काम, आणि तेही त्यांच्याच गॅसने नासवलेलं.

मग ते मागेच लागले. जुन्या कॉम्प्रेसरचं रबर कापून मॅगझिनच्या बुडाला नवं वायसर बसवलं, कारण आधीचं थंडीने आकसून कडक व्हायचं आणि तिथूनच गॅस जायचा. त्यावर कॉम्प्रेसरच्या तेलाचा एकच थेंब. मग साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते बघायचं. ही परीक्षा ते माझ्या दवाखान्यातल्या बेसिनमध्ये घ्यायचे, कारण गरम पाणी तिथे होतं. मी कुरकुर करायचो. माझा साबण संपायचा.

“काठोकाठ भरायचं नाय, डॉक्टर. त्याला फुगायला जागा लागते. आणि घाईघाईने उडवायचं नाय. एकेका बाराला तो आपल्याच अंगातली गरमी खातो. मधे दम खाऊ द्यायचा.”

“आणि काख?”

“काख तर पाहिजेच. शेगडीवर ठेवलं तर फुटेल. माणसाच्या अंगाएवढी ऊब त्याला बास हाय.”

डिसेंबरअखेर एका कडाक्याच्या सकाळी त्यांनी सहा डबे मांडले, काखेतून मॅगझिन काढलं आणि पिस्तूल साहेबांच्या हातात दिलं. साहेबांनी चार पाडले. दोन चुकले ते नेमामुळे. साहेब इतके वाकले की चाचाही गोंधळून वाकले.

जानेवारीत युद्ध होणार हे दिसू लागलं तसे साहेबलोक निघाले. जपानी इंजिनिअरला एका तासात सामान भरायला सांगितलं. विमानात पिस्तूल न्यायची तेव्हा सोय नव्हती, खेळण्यातलं असलं तरी. त्यांनी ते चाचांच्या हातात ठेवलं आणि तुटक इंग्रजीत म्हणाले, मी परत येईन, तोवर सांभाळा. बंद पडलं तरी हरकत नाही.

“बंद कसं पडेल, साहेब,” चाचा म्हणाले. “चालवूनच देईन.”

इथून पुढचं मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. चाचांनी तसा शब्दच घेतला होता. आता ते नाहीत, बसमधल्या कुणाचा पत्ता माझ्याकडे नाही, आणि एका चांगल्या मेकॅनिकच्या नावाला लागलेला डाग तसाच राहावा हे मला पटत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

युद्ध सुरू झालं त्या सकाळी खफजीत तोफगोळे पडले. आम्हाला अर्ध्या तासात बसमध्ये बसायला सांगितलं. आम्ही चौदा जण. कोणी टेपरेकॉर्डर घेतला, कोणी मुलीसाठी घेतलेली सायकल. मी औषधांची पेटी घेतली. चाचांनी गॅसचे गेज घेतले आणि पाने ठेवायच्या तीनखणी डब्याच्या खालच्या खणात ते पिस्तूल.

“चाचा, ते समुद्रात टाका,” मी म्हणालो. “रस्त्यात कुणी पाहिलं तर आपण सगळेच मरू.”

“अमानत हाय, डॉक्टर.”

“अहो, प्लॅस्टिकचं खेळणं आहे.”

“खेळणं हाय. पण माझं नाय.”

मला संताप आला होता, हे कबूल करतो. चौदा माणसांचा जीव एकीकडे आणि एका साहेबाचं खेळणं एकीकडे. पण बस सुटली होती.

दक्षिणेकडच्या रस्त्यावर एका नाक्यावर गाड्यांची रांग लागली. शिपाई एकेक गाडी रिकामी करत होते, सामान उघडत होते. आमच्या पुढे पाच गाड्या. ड्रायव्हर केरळचा होता, तो स्टीअरिंगवर डोकं टेकून बसला. डबा आता टाकायची सोय नव्हती. चहूकडे शिपाई होते, टाकलेलं दिसलंच असतं.

मी चाचांच्या शेजारी होतो. त्यांनी काखेतून मॅगझिन काढलं, थोडा वेळ बघत राहिले. मग खिडकीची काच चार बोटं सरकवली, मॅगझिन रुमालासकट मुठीत धरून हात बाहेर काढला आणि किल्लीचं टोक वॉल्व्हवर दाबलं. बारीक श्श्श झालं. रुमालावर पांढरं दव धरलं. थांबले, पुन्हा दाबलं. वारा असा होता की माझे कान दुखत होते. तो हात त्यांनी पाच गाड्या सरेपर्यंत आत घेतला नाही.

“हे काय करताय?” मी विचारलं.

“गप बस.”

आमची पाळी आली. सगळे खाली उतरलो. चाचांनी मॅगझिन पिस्तुलात बसवून डबा स्वतःच उघडून पुढे धरला. समोरचा शिपाई विशीचा असेल. पिस्तूल दिसताच तो ओरडला आणि त्याची बंदूक चाचांच्या छातीवर आली. मला अजून आठवतं ते घोड्यावरचं त्याचं बोट.

“लोअबा, लोअबा,” चाचा म्हणाले. खेळणं, खेळणं. दोन्ही हात वर, आवाज एसी दुरुस्त करताना असायचा तसाच.

दुसरा, वयाने मोठा शिपाई आला. त्याने डब्यातलं पिस्तूल उचललं, उलटंसुलटं पाहिलं. त्यालाही खात्री वाटेना. त्याने ते चाचांच्या हातात दिलं आणि वाळूकडे बोट दाखवलं. उडवून दाखव. तरुणाची बंदूक तशीच रोखलेली.

चाचांनी घोडा ओढला. फुस्स. पांढरा छर्रा नळीतून घरंगळत बाहेर आला आणि त्यांच्याच चपलेवर पडला. पुन्हा ओढला. या वेळी छर्रासुद्धा आला नाही, नुसता उसासा आला.

मोठा शिपाई हसला. मग तरुण हसला आणि त्याची बंदूक खाली आली. मग आमच्यातला एकेक जण हसू लागला, काही तर हसता हसता रडत होते. पिस्तूल परत डब्यात गेलं. “यल्ला, यल्ला,” म्हणून आम्हाला बसमध्ये पिटाळलं.

गाडी वेगात आल्यावर चाचा हळूच बोलले. “गरम असतं तर फट्ट वाजलं असतं. ते पोर घाबरलेलं. त्याचंही वाजलं असतं.”

“म्हणजे तुम्ही मुद्दाम...”

“कोणाला बोलू नको. गोष्ट पसरली की शिपायाला बनवलं म्हणतील. आणि बघ, कसे हसतायत. सकाळपासून कोणाच्या तोंडावर रंग नव्हता.”

धाहरानला एका मोठ्या हॉलमध्ये आम्ही सहा आठवडे काढले. तिथे त्यांचं नाव ‘फुस्स चाचा’ पडलं. ड्रायव्हर तर रोज विचारायचा, “चाचा, आज कितना दूर गया?” चाचांनी महिनाभर सगळ्यांना ऐकवलं होतं की बर्फातसुद्धा चालवून दाखवीन, ते लोक विसरले नव्हते. चाचा हसायचे. “ठंड जीत गयी, भाई.” मला ते ऐकवत नसे. ज्या एका गोष्टीत या माणसाने थंडीला हरवलं होतं, तिच्यातच तो रोज सगळ्यांसमोर हार कबूल करत होता. मी एकदा तोंड उघडणार होतो. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

युद्ध संपलं, आम्ही खफजीला परतलो. वर्कशॉपचं छप्पर उडालं होतं. कुवेतच्या विहिरी जळत होत्या, वाऱ्याची दिशा फिरली की भर दुपारी दिवे लावावे लागत आणि मार्चमध्येही जाकीट काढवत नसे. चाचांचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, संपत आला होता. ज्याच्या नावावर तो निघतो त्या सौदी मालकाने, कफीलने, नवा करून द्यायला नकार दिला. वय झालं म्हणाला. जपानी साहेब अजून आले नव्हते.

निघायच्या दिवशी चाचा दवाखान्यात आले. डबा टेबलावर ठेवला, भरलेलं मॅगझिन रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिलं.

“साहेब आले की दे. पण गार देऊ नको हां. आधी तासभर काखेत ठेव, मग दे. तिथे हसले ते ठीक होतं. साहेबासमोर माझं नाव जायला नको.”

हो म्हणालो. दारापर्यंत गेल्यावर त्यांचा उजवा हात डाव्या काखेत गेला, रिकामा परत आला, आणि ते गेले.

साहेब तीन आठवड्यांनी आले. त्या दिवशीही आभाळ धुराने काळं होतं. त्यांचा निरोप मिळाला तेव्हा मी मॅगझिन बनियनच्या आत घातलं. इतकी वर्षं मी लोकांच्या काखेत काचेची नळी खुपसली. पण थंड लोखंड तिथे लागलं की माणूस श्वास कसा धरतो हे मला तेव्हा कळलं. चाचांनी हे हिवाळाभर केलं होतं, खोकल्यासकट. मी तास मोजून काढला.

वर्कशॉपच्या मागे सहा डबे मांडले. ड्रायव्हर आणि बसमधले आणखी चार-पाच जण मजा बघायला जमले. साहेबांनी मॅगझिन हातात घेतलं, त्याची ऊब लागताच थांबले आणि इकडेतिकडे कुणाला तरी शोधल्यासारखं बघू लागले. “गोइंग होम,” मी म्हणालो. “फायनल.” त्यांनी मान हलवली. मग एकेक बार सावकाश, मधे दम खाऊ देत. फट्ट. फट्ट. सहाही डबे पडले. बुडाचं वायसर थेंबभरही गळलं नाही.

चाचा उभे राहायचे त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून साहेब वाकले.

ड्रायव्हर माझ्याजवळ आला. “अरे, ये तो एकदम बढिया चलती है. फिर उस दिन क्यों नहीं चली?”

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं.

“उस दिन ठंड थी,” मी म्हणालो, आणि पडलेले डबे उचलायला गेलो.