लाँड्रीवालीचा खरा शेवट

माझी आणि सुलेमानभाईंची पहिली भेट झाली तेव्हा मी कमरेपर्यंत उघडा होतो. इकाम्यासाठी, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यासाठी, मेडिकल होतं. दम्मामच्या एका खाजगी दवाखान्यात एक्स-रेच्या गार पत्र्याला छाती चिकटवून मी उभा होतो आणि मनात नुसती धाकधूक, कारण छातीत डाग निघाला की परतीचं विमान ठरलेलं. मागून आवाज आला, "ला ततनफ्फस." मला ओ की ठो कळेना. मग हिंदीत हुकूम आला, साँस रोको. तरी मी आपला धापा टाकतोच आहे. शेवटी तो माणूस वैतागून मराठीत स्वतःशीच पुटपुटला की आता या बाबाला कुठल्या भाषेत सांगू. मी म्हटलं, याच. पार्टिशनमागून एक टक्कल आणि जाड काचांचा चष्मा बाहेर आला. गावं विचारून झाली, तर गाव एकच, रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. ते गाव सोडून इकडे आले तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. छाती स्वच्छ आहे असं सांगून त्यांनी मला शुक्रवारी घरी जेवायला बोलावलं. म्हणाले, "जेवण झाल्यावर पिक्चर आहे."

त्या काळी सौदीत एकही थेटर नव्हतं. मला वाटलं, व्हिडिओ लावत असतील. जुम्म्याची नमाज झाली, कतीफच्या बाजारातून सकाळीच आणलेल्या सुरमईचं कालवण ओरपून झालं, पंधरा-वीस माणसं हॉलमध्ये गालिच्यावर पसरली. आतल्या खोलीत बायका, मधलं दार उघडं. टीव्ही मात्र बंदच. सुलेमानभाई भिंतीला टेकून बसले आणि बोलायला लागले. तोच पिक्चर. ते पिक्चर सांगायचे.

काय सांगायचे म्हणून सांगू. मी त्यानंतर मुंबईत आणि दुबईत मोठमोठ्या पडद्यांवर सिनेमे पाहिले, पण त्या दुपारी जे पाहिलं ते पुन्हा दिसलं नाही. सगळे पिक्चर अमेरिकेतले, ब्लॅक अँड व्हाइट, नव्वद वर्षांपूर्वीचे. आधी ते उजेड सांगायचे. दिवा कुठे आहे, सावली कुठल्या गालावर पडली आहे, ओल्या रस्त्यावर काय चमकतंय. हे सगळं झाल्यावर माणूस आत यायचा. जन्मभर एक्स-रे काढलेला माणूस तो. मला गंमत म्हणून एक्स-रेची फिल्म वाचायला शिकवताना म्हणायचे, "आधी काळं बघावं. पांढरं आपोआप दिसतं." पिक्चरही ते तसेच सांगायचे. आमच्यातले निम्मे जण दिवसभर पन्नास डिग्रीत पाइप उचलून आलेले असत, पण सुलेमानभाईंनी न्यूयॉर्कचा पाऊस सुरू केला की पाय आखडून घेत. मीही घेतले आहेत. खोटं का बोलू.

या पिक्चरांचं खोकं त्यांना एका अमेरिकन पेशंटने देश सोडताना दिलं होतं. जुन्या व्हिडिओ टेपा आणि एक जाडजूड पुस्तक. टेपा ते कपाटात बंद ठेवत आणि घरात कुणी नसताना एकटेच बघत. डिक्शनरी घेऊन वर्षभरात त्यांनी ते पुस्तक संपवलं. तेव्हापासून ते एका विषयावर असे बोलायचे की समोरच्याचा चहा थंड व्हायचा. त्यांचं म्हणणं असं, की बोलपट नुकते आले आणि पडद्यावर काय दाखवायचं याचे नियमही आले, पण चार वर्षं ते नियम नुसते कागदावर राहिले. त्या चार वर्षांत पडद्यावरची बाई जे मनात येईल ते बोलली. नोकरी केली, साहेबाला सुनावलं, दारुड्या नवऱ्याला घराबाहेर काढलं आणि शेवटी सुखात राहिली. "मग चौतीस साली कुलूप लागलं," ते म्हणायचे. "त्यानंतर बाईने मान वर केली की शेवटी ती रडणार, नाहीतर मरणार, नाहीतर पदर सावरून घरी जाणार." हॉलीवूडमध्ये पदर कुठला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, तुला दिसत नाही, मला दिसतो.

पिक्चरांना नावंही त्यांची स्वतःची. खोट्या डॉक्टरचा पिक्चर, टेलिफोनवालीचा पिक्चर. आणि सगळ्यांचा लाडका, लाँड्रीवालीचा. तीन वर्षं मार खाऊन एक बाई पेटी घेऊन निघते, दुसऱ्या शहरात लाँड्री काढते, नावारूपाला येते. नवरा शोधत येतो, दारात उभा राहून माफी मागतो. ती दिवा मालवते, पेटी उचलते आणि त्याच्यामागून चालायला लागते. इथे आमचे हाजीसाहेब, म्हणजे दम्मामातल्या आमच्या गावकऱ्यांच्या जमातीचे अध्यक्ष, दरवेळी डोळे पुसायचे. सुलेमानभाईंची रुबिना तेव्हा दहा वर्षांची होती. ती वडिलांच्या अगदी पुढ्यात, गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसायची. बाकी वेळी इंडियन स्कूलच्या इंग्रजीत फाडफाड बोलणारी पोर, पिक्चर चालू असताना तिच्या तोंडातून शब्द निघत नसे. पुढे दोन वर्षांनी तिची आई गेली आणि घरात ही दोघंच उरली.

एकदा मधल्याच वारी मी काही कामाने त्यांच्याकडे गेलो, तर लाँड्रीवालीची टेप चालू. शेवट आला. नवरा दारात. बाईने त्याचं ऐकून घेतलं, त्याच्या शर्टाचं तुटकं बटण शिवून दिलं, त्याला बाहेर काढलं, दार लावलं आणि इस्त्री उचलून पुन्हा कामाला लागली. वर गुणगुणतेय. मी सुलेमानभाईंकडे बघतच राहिलो. म्हटलं, अहो, तुम्ही तर भलतंच सांगता. ते जरा ओशाळले. म्हणाले, समोर हाजीसाहेब असतात, आत बायका असतात, पोरी असतात. सगळं सांगायचं नसतं. टेलिफोनवालीचंही असंच का, असं विचारलं. जवळजवळ सगळ्यांचंच, म्हणाले. मी हसून म्हटलं, म्हणजे इथलं कुलूप तुम्हीच. त्यांनाही हसू आलं आणि विषय तिथेच संपला. मीही तो विसरून गेलो, याची मला आज लाज वाटते.

रुबिना शिकली, फार्मासिस्ट झाली, जेद्दाला दिली. तिथल्या अल अझीझिया भागात नवऱ्याचं दुकान, घरदार चांगलं, असं आम्ही सगळेच म्हणत होतो. पाच वर्षांनी, एका गुरुवारी, ती एका बॅगेसह दम्मामला आली. नवऱ्याने नोकरी सोडायला लावली होती आणि हात उचलत होता. त्याच संध्याकाळी सासरकडून फोन आला: उद्या जमात बसवा, आम्ही येतो आणि तिला घेऊन जातो. आमच्या गावातल्या लग्नांची आणि भांडणांची निम्मी पंचाईत अशी दम्मामला बसूनच होते, गावाला नुसता फोन जातो. आणि जमातीचा शब्द कुणी मोडत नाही. शिवाय रुबिनाचा इकामा नवऱ्याच्या नावावर. त्याने मनात आणलं तर तिला हा देशच सोडावा लागला असता.

शुक्रवारी सकाळी मी मासळी घेऊन गेलो. स्वयंपाकघरात बापलेक सुरमई साफ करत होते. सुलेमानभाई तिला समजावत होते, की हाजीसाहेब त्याला चार गोष्टी सुनावतील, तो सुधारेल, एकदा बघ. रुबिनाने सुरी खाली ठेवली. मराठीतच बोलली, अगदी सावकाश.

"अब्बा, पहिल्याच वर्षी मी बॅग भरली होती. बसस्टँडपर्यंत गेले होते. पण तुमच्या सगळ्या पिक्चरांत ती परत जाते ना. मला वाटलं, असंच असतं. मग मी परत गेले."

सुलेमानभाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या घरात खरं ठाऊक असलेले आम्ही दोघंच होतो. नळ चालू होता तो त्यांनी बंद केला, हात न पुसताच आपल्या खोलीत गेले आणि अजान होईपर्यंत बाहेर आले नाहीत.

जमात बसली. जावई, त्याचा मोठा भाऊ, आमची पंधरा-वीस माणसं. आत बायका, मधलं दार नेहमीसारखं उघडं. हाजीसाहेबांनी तडजोडीची भाषा केली आणि मुलीच्या बापाचा शब्द मागितला. सुलेमानभाई म्हणाले, आधी एक पिक्चर सांगतो. कुणीतरी कपाळाला हात लावला. जावयाचा भाऊ म्हणाला, आम्हाला विमान गाठायचंय. त्यांनी ऐकलंच नाही. लाँड्रीवाली सुरू केली. सगळ्यांना तोंडपाठ असलेला पिक्चर, तरी पाच मिनिटांत हॉलमध्ये कुणी हलेना. नवरा दारात आला. हाजीसाहेबांचा हात सवयीने खिशातल्या रुमालाकडे गेला.

"ती त्याच्या शर्टाला बटण लावते," सुलेमानभाई म्हणाले, "आणि त्याला बाहेर काढून दार लावून घेते. पिक्चर इथे संपतो. ती परत गेलेली नाही. कधीच गेली नव्हती. मी तुम्हाला वीस वर्षं खोटं सांगितलं."

हाजीसाहेबांनी विचारलं, का म्हणून. त्यावर ते जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "तुम्ही नाराज व्हाल म्हणून. अमेरिकेत ज्यांनी शेवट बदलले त्यांना मी जन्मभर शिव्या घातल्या, आणि तेच काम इथे बसून फुकट केलं. माझ्या पोरीने ते खरं मानलं आणि पाच वर्षं मार खाल्ला. ती आज जाणार नाही. इकामा रद्द करायचा असेल तर करा. तिच्याबरोबर मीही गावाला जाईन."

आवाज चढला नव्हता. पेशंटला सांगावं तितक्या साधेपणाने बोलले. मी या माणसाच्या घरी वीस वर्षं जेवलो होतो, तरी हे मला नवं होतं. चारचौघांत आपलीच चूक अशी उघडी करून ठेवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. जावयाचा भाऊ उठून काहीतरी बोलायला लागला, तेवढ्यात आतून हाजीसाहेबांच्या बायकोचा आवाज आला. सत्तरीची बाई, जमातीत कधी तोंड न उघडलेली. तिने एवढंच विचारलं, की मग त्या टेलिफोनवालीचं खरं काय झालं? सुलेमानभाईंनी उंबऱ्याकडे तोंड केलं आणि सांगितलं. मग दुसरीने दुसऱ्या पिक्चरचं विचारलं, तिसरीने तिसऱ्याचं. असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची, अजान झाली तेव्हा जावई आणि त्याचा भाऊ निघून गेले होते आणि हाजीसाहेब मान खाली घालून ऐकत होते. जमातीने त्या दिवशी काही ठरवलं नाही. पण रुबिनाला परत जा, असं पुन्हा कुणी म्हणालं नाही.

नवऱ्याने इकामा रद्द केलाच. गावच्या काझींकडून पुढे रीतसर खुला, म्हणजे बाईने मागितलेला तलाक, झाला. सुलेमानभाईंनी दवाखान्यात राजीनामा दिला, निवृत्तीला चार वर्षं बाकी असताना. मी त्यांना वेड्यात काढलं. रुबिना एकटी जाईल, शिकलेली मुलगी आहे, तुम्ही नोकरी कशाला सोडता म्हणून भांडलो. ते नुसते सामान बांधत राहिले. टेपांचं खोकं मला देऊन टाकलं. मी विचारलं, आणि गावात शुक्रवारी काय सांगणार? आता काही नाही, अशी त्यांनी मान हलवली.

विमानतळावर मी त्यांना सोडायला गेलो, त्याला आता तीन वर्षं होतील. काउंटरसमोर लांबलचक रांग. रुबिना बोलत होती. जेद्दातलं पहिलं वर्ष, तो बसस्टँड, तिथल्या बाकावर शेजारी बसलेली बाई, मग परतीची वाट, सगळं पहिल्यापासून. सुलेमानभाई तिची बॅग खांद्याला लावून, कान तिच्याकडे करून उभे होते. त्यांचा नंबर आला, काउंटरवरच्या माणसाने दोनदा हाक मारली, मागचे लोक कुरकुरले. मी लांबून हातवारे केले. त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि तिला म्हणाले, "तू सांग. पुढे काय झालं?"