राजगिऱ्याची काकू

मी डूख धरते. लोक म्हणतात, सोडून द्यावं, माफ करावं, मन मोठं करावं. ज्यांना जमतं त्यांनी खुशाल करावं. माझं मन आहे तेवढंच आहे, आणि काकूंनी त्या महाशिवरात्रीला जे केलं ते त्यात अजून जसंच्या तसं ठेवलेलं आहे.

काकू म्हणजे कुणाच्या सख्ख्या काकू नव्हेत. नेदरलँड्समधल्या नायमेखनमध्ये आमचं एक छोटं मराठी मंडळ आहे. बाकी सगळे आयटीवाले नाहीतर चिप बनवणाऱ्या कंपन्यांतले, चार वर्षांसाठी येणारे-जाणारे. काकू मात्र कायमच्या, सगळ्यांत आधी आलेल्या आणि सगळ्यांत वयस्कर. त्यामुळे सणाला काय शिजायचं, कुणी वाढायचं, काय आपलं आणि काय बाहेरचं, हे त्याच ठरवत. नाकाने कांदे सोलण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. रागातही मी त्यांना अहो-जाहो करते आहे, हे लक्षात घ्या. तेवढे संस्कार माझ्यावरही झाले आहेत.

माझा धाकटा भाऊ मास्ट्रिख्टला शिकायला आला आणि वर्गातल्याच एका मेक्सिकन मुलीशी लग्न करून तिथेच राहिला. भावजयीचं गाव डोंगरात आहे. तिच्या आईच्या घरी अजून नाहुआत्ल बोलतात, म्हणजे अॅझ्टेक लोक बोलायचे तीच भाषा. पोरगी हसरी, कामसू आणि माझ्यापेक्षा कितीतरी शांत. फोनवर माझ्या आईशी बोलता यावं म्हणून ती वर्षभर गुपचूप मराठी शिकत होती. हे फक्त मला आणि भावाला ठाऊक होतं. मंडळात सगळे तिच्याशी इंग्रजीत बोलत आणि तिच्यासमोर मराठीत, आपण भिंतीसमोर बोलतो तसे.

लग्नानंतरची तिची पहिली महाशिवरात्र. कार्यक्रम नेहमीप्रमाणे बुर्तहाउसमध्ये, म्हणजे वस्तीसाठी नगरपालिकेने बांधलेल्या हॉलमध्ये. ती एक मोठा डबा घेऊन आली. त्यात मधात थापलेल्या राजगिऱ्याच्या लाह्यांच्या वड्या होत्या, वर भोपळ्याच्या बिया आणि शेंगदाणे. राजगिरा तिच्या आईच्या शेतातला, बॅगेत कपड्यांच्या मधे ठेवून आणलेला. गाडीत सगळा रस्ताभर तिने एक वाक्य घोकलं होतं. दारातच तिने ते मला म्हणून दाखवलं. "काकू, हे मी केलंय. घ्या ना." 'केलंय' बरोबर आलं ना, असं तिने दोनदा विचारलं. मंडळातलं ते तिचं पहिलं मराठी वाक्य होणार होतं.

आत गेल्या गेल्या कुणीतरी तिच्या हातात साबुदाण्याच्या खिचडीची बशी दिली. ती इंग्रजीत म्हणाली, "थँक यू, आज नको." तिचाही उपास होता. पण तिच्या आईकडे उपास म्हणजे जेवण सोडायचं नाही, मीठ आणि मिरची सोडायची. बाकी जे खायचं ते अळणी. आमच्या खिचडीत तर हिरव्या मिरच्या डोकं वर काढून बसलेल्या. एकादशी आणि दुप्पट खाशी हे आपणच म्हणतो आणि आपणच खातो. ती उपासाला आपल्यापेक्षा कडक निघाली होती, पण काकूंना दिसलं एवढंच, की या बाहेरच्या पोरीने आमच्या अन्नाला नाक मुरडलं.

काकूंनी डब्याचं झाकण उघडलं. कुणीतरी म्हणालं, "अय्या, राजगिऱ्याच्या वड्या!"

"दिसायला असतील," काकू म्हणाल्या. "आमची खिचडी नको हिला, आणि हिचं आम्ही खायचं? माणसं कापून खाणारे लोक ते. त्यांच्या हातचं, तेही उपासाला?"

हे मराठीत, आणि तिच्याकडे बघून गोड हसत. दोघी-चौघी हसल्याही. मग काकूंनी तो डबा ओल्या कचऱ्याच्या हिरव्या पेटीत, बटाट्याच्या सालांवर आणि केळ्यांच्या सालींवर उपडा केला, विसळला, पुसला आणि तिच्या हातात दिला. "थँक यू हं बेटा, सो स्वीट."

"यू आर वेलकम," भावजय म्हणाली.

मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली. भाऊ अजून गाडी लावायला जागा शोधत होता. बाहेर सायकलींच्या रांगेपाशी ती मला मराठीतच म्हणाली, "ताई, त्याला सांगू नका. तो परत इथे येणार नाही. त्याचे मित्र आहेत इथे." आणि मग खाली बघून, "ते वाक्य राहिलं."

त्या वाक्याने माझं डोकं फिरलं. त्याच ठिकाणी मी ठरवलं, या बाईने हिच्या हातचं खायचं. मिटक्या मारत खायचं, आणि मग कुणाच्या हातचं खाल्लं ते ऐकायचं. याहून कमी काही मला चालणार नव्हतं.

सूड घ्यायचा तर अभ्यास लागतो. मला अॅझ्टेकांबद्दल काकूंना होती तेवढीच माहिती होती, म्हणजे पायऱ्यांचा देऊळ-डोंगर, वर पुजारी, हातात सुरी. मी लायडनच्या संग्रहालयात गेले, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. लोक तिथे कुतूहल म्हणून जातात, मी दारूगोळा गोळा करायला जायची. तीन पायांचा दगडी पाटा पाहिला आणि तिथल्या तिथे काकूंना उद्देशून एक टोमणा तयार केला. त्या बायका पहाटे उठून मका चुन्याच्या पाण्यात भिजवून शिजवत, पाट्यावर वाटत आणि मातीच्या तव्यावर भाकऱ्या भाजत. चुना घातल्याने मका अंगी लागतो, हे त्यांना कधीचं माहीत. त्यांची राजधानी तळ्यात वसलेली, रस्ते रोज झाडले जायचे, मैला होड्यांतून शेतात न्यायचे. त्याच काळात इथल्या कालव्यांत काय काय सोडत असतील, याची कल्पना करून मला फार बरं वाटलं. एका जुन्या चित्राची नक्कल होती. तिच्यात बाप हट्टी पोराचं तोंड मिरच्यांच्या धुरावर धरतो आहे. त्या चित्रासमोर मी बराच वेळ उभी होते, आणि पोराच्या जागी मला कोण दिसत होतं ते सांगायला नको.

ते माणसांचे बळी देत. हे खोटं नाही आणि मी ते लपवणार नाही. पण त्यांना रानटी म्हणणारे युरोपातले लोक त्याच सुमाराला स्वतःच्या गावांत धर्मासाठी माणसं जिवंत जाळत होते, आणि त्यांच्या नातवंडांच्या हातचा केक काकू वाढदिवसाला मागून घेतात.

खरं हत्यार मात्र मला भावजयीनेच दिलं. उन्हाळ्यात ती माझ्याकडे राहायला आली होती. दुपारी ओट्यापाशी बसून ती लाह्या फोडत होती आणि मी काकूंना शिव्या घालत होते. ती म्हणाली, "ताई, हा दाणा आमच्याकडचा आहे. तुमच्याकडे तो नंतर आला, जहाजातून."

मला आधी खरं वाटेना. मग शोधलं. आपला उपासाचा दाण्याचा राजगिरा समुद्रापलीकडचाच. शेंगदाणा, रताळं, बटाटा, साबुदाणा, मिरची, सगळं तिकडचं, कुणी उत्तरेकडचं, कुणी दक्षिणेचं. काकूंच्या उपासाच्या ताटातून ही मंडळी काढली तर उरतं तूप, जिरं आणि काकूंचा तोरा.

आणि त्या लोकांसाठी राजगिरा नुसतं धान्य नव्हता. त्याच्या पिठात गोड पाक घालून ते देवाची मूर्ती करायचे. डोंगरांच्या देवांच्या छोट्या मूर्तींना डोळे काळ्या घेवड्याचे, दात भोपळ्याच्या बियांचे. मग मूर्तीची पूजा, मग ती कापायची, मोडायची आणि सगळ्यांनी मिळून खायची. स्पॅनिश पाद्र्यांना यात आपल्याच चर्चमधल्या प्रसादाची चेष्टा दिसली. त्यांनी हे बंद पाडलं. राजगिऱ्याची शेतं जाळली, असं तिच्या गावात अजून सांगतात. तरी कुणीतरी डोंगराच्या खाचेत मूठभर पेरत राहिलं. त्या पिठात कधी कधी रक्तही मिसळत, असं लिहिलेलं मला सापडलं. ते मी खास काकूंसाठी राखून ठेवलं.

"आपण काकू करू या," मी म्हणाले.

भावजयीला आधी कळेना. कळलं तेव्हा ती इतकी हसली की परातीतलं पीठ उडालं. मग आम्ही दोघींनी राजगिऱ्याचं पीठ मधात मळून वीतभर काकू केली. अंबाडा केला. घेवड्याचे डोळे, भोपळ्याच्या बियांची दंतपंगती, बिटाच्या रसाचं कुंकू. वेलदोड्याच्या सालाचा चष्मा काही जमेना, तो सोडला. गालांवरचं ते गोड हसू मात्र भावजयीच्या बोटांनी असं हुबेहूब आणलं की मला पुन्हा ती हिरवी पेटी दिसली. तिकडे मूर्ती कापायला मागावरची लाकडी पट्टी घेत. माझ्याकडे उलथणं होतं. मी मान एका घावात उडवली आणि डोकं खाल्लं. इतकं गोड मी वर्षभरात काही खाल्लं नव्हतं.

भावजयीने हात लावला नाही. मी घास गिळल्यावर ती म्हणाली, "आता एक नियम आहे. देव खाल्ला, की वर्षभर त्याची सेवा."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही थांबला असता का?"

हा नियम मी हसण्यावारी नेला. पण पावसाळी नोव्हेंबरात काकू ओल्या पानांवरून सायकलसकट घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. त्या एकट्या राहतात, मुलगा दूरदेशी. मंडळाने डब्यांच्या पाळ्या लावल्या, आणि मी सगळ्यांत आधी हात वर केला. सगळ्यांना माझं मन मोठं वाटलं. वाटू दे. डाव साधायचा तर जवळ जावं लागतं. त्यात हाउसआर्ट्सने, म्हणजे त्यांच्या डॉक्टरने, ब्लडप्रेशरसाठी मीठ बंद केलेलं. काकू माझी अळणी भाजी तोंड वाकडं करून खायच्या आणि मी समोर बसून बघायची. त्यांचं घर झाडायची, पार्सलं खाली नेऊन द्यायची, वेणी घालून द्यायची. सेवा चालू होती, आणि मनात मी एकच वाक्य परजत होते. 'काकू, हे माणसं खाणाऱ्यांच्या हातचं आहे.' किती वेळा, किती सुरांत म्हणून पाहिलं!

कार्तिकी एकादशी माझ्या पाळीला आली. भावजय आदल्या दिवशी आली होती, तिने त्याच वड्या करायला घेतल्या. तसाच राजगिरा, तोच मध, त्याच बिया. फक्त मी तिला त्या चौकोनी न कापता त्यांचे लाडू वळायला लावले. "मी पण येते," ती म्हणाली. मला ते हवंच होतं.

काकूंनी तिच्याकडे बघून "हॅलो बेटा, हाउ नाइस" केलं आणि डबा उघडला. उजवा हात प्लास्टरमध्ये. लहान मुलांना डाव्या हाताने खाऊ नका म्हणून दटावणाऱ्या काकूंनी डाव्या हाताने लाडू उचलला. एक खाल्ला. दुसरा खाल्ला. डोळे मिटले.

"अगं, काय झालेत! असा राजगिरा इथे मिळतच नाही. ही आपल्या मातीची चव. कुणाकडून मागवलास?"

वर्षभर ज्या घडीची वाट पाहिली ती समोर येऊन बसली होती. तिसरा लाडू त्यांच्या हातात होता. मी श्वास घेतला. आणि भावजयीने माझं मनगट दाबलं, अगदी तसंच, बांगडीवर.

ती पुढे झाली. डबा त्यांच्यापुढे धरला. आणि स्वच्छ, सावकाश मराठीत म्हणाली, "काकू, हे मी केलंय. अजून घ्या ना. यात माणूस नाही, राजगिराच आहे."

काकूंचा जबडा थांबला. त्या आधी माझ्याकडे बघायला लागल्या, मग तिच्याकडे. ही पोरगी मराठी बोलते, एवढंच त्यांना पहिल्यांदा कळलं. मग ती तेव्हाही बोलत होती, तेव्हाही ऐकत होती, हे कळायला थोडा वेळ लागला, आणि ते कळताना मी त्यांच्या तोंडावरची एकेक रेघ बघितली. रक्ताची गोष्ट मी राखून ठेवली होती, ती काढायची गरजच उरली नाही. घास तोंडात होता. थुंकावा तर कुठे, आणि गिळावा तर कसा. मला त्या वेळी अजिबात दया आली नाही, हे मी लिहून ठेवते.

शेवटी त्यांनी गिळला. "पाणी," त्या पुटपुटल्या.

मी हलले नाही. भावजयही उभीच राहिली. मग काकू स्वतःच उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. नळ बराच वेळ वाहत होता. एका हाताने एकच पेला आणता येतो. तो त्यांनी आणला, आणि तोंडाला न लावता भावजयीपुढे धरला.

"तुझा उपास असेल ना," काकू मराठीत म्हणाल्या. "पाणी चालतं का तुमच्यात?"