चंद्रिकाच्या फडताळातले सहा डबे

भवानी पेठेत सकाळी विड्यांची सुपं घेऊन कारखान्याकडे निघालेल्या बायका वाटेत कुणाच्या तरी उंबऱ्यावर टेकतातच. पाणी पितात, कंबर सरळ करतात, विड्या नापास करणाऱ्या माणसाला दोन शिव्या देतात आणि उठतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. चंद्रिकाने सहा बायकांचं औषधपाणी या एवढ्याशा सवयीवर उभं केलं होतं.

तिने स्वतः वीस वर्षं विड्या वळल्या. धाकटी बहीण शेजारी बसून वळायची आणि खोकायची. औषधाच्या तिसऱ्या महिन्यात तिचा खोकला थांबला, तशी "बरी झाले की आता" म्हणून तिने टीबीच्या गोळ्या सोडल्या. पुढच्या उन्हाळ्यात शेजारची जागा रिकामी झाली. म्हणून, परदेशी संस्थेच्या मदतीवर टीबीचा प्रकल्प पेठेत आला आणि गोळ्या द्यायला एक बाई हवी म्हणाले, तेव्हा चंद्रिकाने पानं कापायची कात्री खाली ठेवली ती ठेवलीच.

काम सांगायला सोपं. रोज रुग्णाच्या घरी जायचं, समोर गोळ्या गिळायला लावायच्या, मोबाइलवर फोटो टाकायचा. पण घरी येऊ देतंय कोण?

"माझ्या दारात नको, अक्का," नूरबीने हात जोडले होते. "आयतचा निकाह ठरलाय. आईला टीबी हाय म्हणून कळलं, तर तिकडचे बोलणं मोडतील. मी मरंन, पण पोरीचं मोडू देणार न्हाय."

"मर की. पण त्याआधी माझ्याकडं पाणी प्यायला ये. पाणी प्यायला कुणाला विचारावं लागतंय व्हय?"

नूरबी आली. मग एकीचं बघून दुसरी, तिसरी. फडताळात हळदीच्या डब्याशेजारी सहा डबे बसले. नावं लिहायची सोय नव्हती, म्हणून प्रत्येकाला विडी बांधायच्या दोऱ्याचा वेगळा रंग. नूरबीचा हिरवा. औषध सहा महिन्यांचं; त्यातल्या चार महिन्यांत हिरव्या डब्यातली एक गोळी चुकली नाही.

चुकलं ते मोबाइलच्या नकाशावर. प्रकल्पाचे अनिमेष सर ऑफिसातून आले ते फोन पुढे धरूनच.

"चंद्रिकाताई, तुमचे सहाही रुग्ण या एकाच ठिपक्यात राहतात?"

"राहत न्हाईत, सर. येतात."

"अ‍ॅपला येणं कळत नाही. त्याला फक्त रुग्णाचं घर कळतं. वरच्यांना वाटतंय, तुम्ही घरात बसून खोटे फोटो काढता."

"घरात बसूनच काढते की! गोळ्या मात्र त्यांच्याच पोटात जातात."

अनिमेष सर हसले. "मला कळतंय हो. पण हे अ‍ॅप मी केलेलं नाही. बदला म्हटलं की वरून उत्तर येतं, पुढच्या टप्प्यात बघू."

"पुढचा टप्पा कवा?"

"हा संपला की. ताई, घरोघरी जाऊन फोटो काढा. नाहीतर काम दुसऱ्या बाईकडे जाईल, आणि ती यादीतल्या पत्त्यावर थेट जाऊन उभी राहील."

नूरबीच्या दारात. आयतच्या दारात.

"मग त्या वरच्यांनाच हितं आणा," चंद्रिका बोलून गेली. "बघू देत डोळ्यांनी."

आणलं त्यांनी. दिल्लीच्या एक मॅडम आल्या. त्या दिवशी बायकांना तिने आठच्या आतच पाणी पाजून वाटेला लावलं होतं. मॅडम चटईवर बसल्या, डबे उघडून बघितले, एकेका रंगाचा हिशोब विचारला. जाताना त्यांनी चंद्रिकाचे दोन्ही हात हातात घेतले. "रुग्ण स्वतः इथे चालत येतात! आम्ही या घरालाच केंद्राची मान्यता देऊ." सुटलो, असं वाटलं तिला.

आठ दिवसांनी दोन माणसं भिंतीला भोकं पाडायचं मशीन घेऊन आली. निळी पत्र्याची पाटी, हातभर अक्षरं: क्षयरोग उपचार केंद्र.

"अवो, दारावर कशाला? आत लावा!"

"रस्त्यावरून दिसली पाहिजे, मावशी. तसं लिहूनच दिलंय."

दुसऱ्या दिवशी नूरबी सूप घेऊन वळणावर दिसली. मान वर झाली, नजर पाटीवर थांबली. मग तिने ओढणी पुढे घेतली आणि पाऊल न थबकवता समोरून निघून गेली. तिच्यामागून बाकीच्याही. फडताळातले सहाही डबे तसेच.

"सर, काढा ती पाटी!" चंद्रिकाने अनिमेष सरांना फोन लावला.

"ताई, काढली तर केंद्र रद्द. शिवाय आता रोज रुग्ण पाटीखाली उभा असलेला फोटो लागतो. सात दिवस आला नाही, तर यादी दुसरीकडे जाते."

"पत्त्यांसकट?"

"पत्त्यांसकट."

चंद्रिका रात्रभर कूस बदलत राहिली. उजाडताच तिने नेसायची नऊवारी साडी बादलीत बुडवली, न पिळता बाहेर आणली आणि पाटीवर आडवी टाकली. निळं सगळं झाकलं. पाणी उंबऱ्यावर ठिबकायला लागलं.

दहाच्या सुमाराला नूरबी वळणावर थांबली. बराच वेळ बघत राहिली. मग आली, टेकली.

"सकाळसकाळी लई मोठं धुणं काढलंस, अक्का."

"पाणी पी."

चंद्रिकाने हिरवा दोरा सोडला. कालच्या गोळ्या अजून होत्या. आजच्या तिने नूरबीच्या तळहातावर ठेवल्या. नूरबीने त्या गिळल्या, ओढणीआड तोंड पुसलं. चंद्रिकाने फोटो टाकला. फोनने लगेच लाल अक्षरं दाखवली: पाटी दिसत नाही. पुन्हा प्रयत्न करा.

"काय म्हणतंय ते?"

"साडी वाळली का विचारतंय."

नूरबीने वर बघितलं, मग फोनकडे, मग चंद्रिकाच्या तोंडाकडे. सगळं समजलं तिला. सूप कमरेवर घेऊन ती उठली.

"दोन महिने लागतील म्हणावं."

ती गेली. ऊन भिंतीवर चढत होतं, साडीचा काठ सुकून हलायला लागला होता. चंद्रिकाने आतून तांब्या आणला आणि साडीवर पाणी ओतलं.